बाईंचे दोन बांबू

स्वतःच्या डोळ्यांवर आमच्या पीएच.डी.च्या गाईड बाईंइतका अविश्वास आजवर कुणीच दाखवला नसेल. माणसाला ताटातलं अन्न आणि आरशातलं अंग प्रत्यक्षात असतं तेवढं का दिसत नाही, हा त्यांच्या मानसशास्त्राचा विषय. पण विषय कॉलेजात ठेवून घरी यावं ना! थळच्या बाजारात त्या सुरमई घ्यायच्या ती डोळे मिटून, तळहातावर तोलून. कोळीण वैतागायची. "डोले उघड गो बाय, मावरं हाय, नवरा न्हाय!" बाई शांतपणे म्हणायच्या, "नवरा डोळे उघडे ठेवून केला होता." पुढे त्याचं काय झालं ते विचारायची आमची कुणाची हिंमत नव्हती.

त्यांच्या ओटीवर सरकणारे दोन बांबू उभे होते. समोर उभं राहायचं, बाई हळूहळू फट वाढवणार, आणि 'यातून मी जाईन' असं वाटलं की 'थांबा' म्हणायचं. पुढे त्याच कोळणीला तिथं उभं केलं, तर तिनं आधी विचारलं, "डोईवर पाटी हाय का न्हाय, त्ये सांग. त्यावर दार ठरतं." बाईंनी तिला साष्टांग नमस्कार घालायचंच बाकी ठेवलं.

यंत्र नीट चालतंय का हे बघायला पहिला मान माझा. मी 'थांबा' म्हटलं तेव्हा त्या फटीतून मासळीचा टेम्पो गेला असता. बाई नुसत्या "हं" म्हणाल्या आणि वहीत आकडा लिहिला.

मी तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला यायची, तिथून थळला. प्रबंध लिहीत होते न जेवणाऱ्या मुलींवर, आणि स्वतः कोऱ्या चहावर जगत होते. कुणी पान वाढलं की माझं वाक्य तयार असायचं, "मी जेवून आलेय." विभागातले सगळे थोर मानसशास्त्रज्ञ माझ्या शिस्तीचं कौतुक करत. घ्या!

त्या दिवसापासून बाईंनी नवंच खूळ काढलं. माझं प्रकरण तपासायचं ते फक्त दुपारी, आणि कागद माझ्या ताटाखाली. ताट रिकामं होऊन उचललं जाईपर्यंत दुरुस्ती नाही. वर तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण. पहिल्या प्रकरणावर कालवणाचे डाग पडले, त्याहून जास्त माझी आसवं पडली. "बाई, हा छळ आहे," मी ओरडले. "असेल. भाकरी निवतेय," बाई म्हणाल्या. डॉक्टरकडेही त्यांनीच नेलं. दर खेपेला बाहेरच्या बाकड्यावर पेपर तपासत बसायच्या आणि आत काय झालं ते कधी विचारायच्या नाहीत. मला त्यांचा इतका राग यायचा की काय सांगू! दोन वर्षं मी त्यांना विक्षिप्त म्हातारी म्हणत होते आणि जेवत होते.

प्रबंध दिला त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा बांबूंसमोर उभं केलं. या वेळी फट माझ्या खांद्यांच्या रुंदीच्या जवळपास आली. मी जुना आकडा बघायला वही उघडली, तर ते पान फाडलेलं. चहाचा डाग पडलेला कागदही जपून ठेवणारी ही बाई! "बाई, आकडा कुठाय?" म्हटलं, तर म्हणाल्या, "तू माझा नमुना नव्हतीस." आणि कालवण ढवळायला आत गेल्या.

आता बाईंची नजर जवळजवळ गेलीय. त्यांना त्याचं दुःख नाही, म्हणतात, "तसाही तो साक्षीदार खोटाच होता." परवा थळला गेले. त्यांनी आवाजावरून ओळखलं, जवळ बसवलं आणि माझं मनगट हातात घेऊन कितीतरी वेळ तोललं, सुरमई तोलायच्या तसंच. मग म्हणाल्या, "पान घेते गो."

"बाई, मी जेवून आलेय," मी म्हटलं. इतक्या वर्षांत ते वाक्य मी त्यांच्याशी पहिल्यांदाच खरं बोलले होते, आणि माझं तोंड बघून खरंखोटं ठरवायला त्यांना आता दिसत नव्हतं. बाई चाचपडत पान घ्यायला उठल्या. मी मुकाट्यानं पाटावर बसले आणि ताट स्वच्छ केलं.