आईला दिलेली बातमी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आईला ओळखत नव्हता — एवढंच कारण असावं.

नगरच्या एका दैनिकात मी नोकरीभर जिल्ह्याच्या बातम्या पाहिल्या. दोन ठिकाणी विचारून खात्री केल्याशिवाय ओळ पुढे जाऊ द्यायची नाही, अशी शिस्त होती आणि मी ती पाळली. खोटी बातमी माझ्याकडून एकदाच गेली. ती छापली नव्हती, तोंडी दिली होती.

वडील गेल्यावर आईला शेवगावजवळच्या गावातून नगरला, सावेडीतल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बायको शाळेत, मी दिवसभर बाहेर. गुडघ्यांमुळे आई आठवडेच्या आठवडे खाली उतरत नसे. बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं, म्हणून सकाळी चहाबरोबर मी तिला पेपर वाचून दाखवायचो. दिवसभरातलं संभाषण जवळपास तेवढंच.

त्याच सुमारास सोलापूर रस्त्याला ज्येष्ठांसाठी एक वसाहत उभी राहिली. पुरवणीसाठी मी तिच्यावर लेख केला — बैठी घरं, बाथरूममध्ये धरायला दांडे, डॉक्टरांची फेरी, वेळेवर गरम जेवण आणि बरोबरीच्या वयाची माणसं. लेख आईला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"हे समदं तू डोळ्यानं पाह्यलं का?"

पाहिलं होतं.

"मंग मला तिथं नेऊन सोड, दत्तू. हितं भिंतीसंग किती बोलू?"

म्हणजे आई स्वतःहून गेली. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते विसरलो — किंवा विसरल्यासारखं केलं.

लेखात लिहिलं होतं त्याहून ती जागा चांगली निघाली. आई संध्याकाळी आवारात फेऱ्या मारू लागली. औषधं वेळेवर जाऊ लागली. दुपारी बायका ओट्यावर बसून मेथी निवडत, गवार मोडत. कुणी काम सांगितलेलं नसे, हातांना सवय होती. मग पत्ते. शेजारच्या घरात सुमनबाई राहत, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या ख्रिस्ती शिक्षिका. त्यांनी आईला झब्बू शिकवला आणि आई त्यांनाच हरवू लागली. पानं लपवून. "माझ्या वर्गात असतीस ना कौसाबाई, तर बाकावर उभी केली असती," सुमनबाई म्हणायच्या. मी भेटायला गेलो तरी आई डाव सोडत नसे. "बस जरा. बाईला झब्बू दिऊ दे, मंग बोलू."

आईला इतकं हसताना मी वडील असतानाही पाहिलं नव्हतं.

मग भावकीतलं एक वडीलधारं माणूस गेलं. दशक्रियेला मी गावी गेलो. आमच्याकडे दशक्रियेला प्रवचन असतं, त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणं. सगळं गाव बसलेलं असतं. महाराज आईबापांच्या सेवेवर आले. तेव्हा माझा एक चुलतभाऊ मागे वळून, चार रांगांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "काय पत्रकार, आमच्या चुलतीला आश्रमात टाकली म्हनं? ही बातमी न्हाई छापली?"

लोक हसले. मला उत्तर देता आलं असतं — तो आश्रम नाही, आई स्वतः गेली, तिथे ती सुखात आहे. साधी, खरी, तपासून घेतलेली वाक्यं. मी मान खाली घातली.

त्याच आठवड्यात मी वसाहतीत गेलो आणि आईला सांगितलं, ही जागा बंद होणार आहे. बातमी आमच्याकडे आली आहे, अजून छापलेली नाही, तू कुणाजवळ बोलू नकोस, माणसं घाबरतील. — पाहा, किती नीट रचली होती! पेपरातला मुलगा सांगतोय म्हटल्यावर तिने शंका का घ्यावी? तिने एकच विचारलं, "मंग बाई कुठं जाईल?" मुलीकडे, कोपरगावला, असं मी ठोकून दिलं. आणि बायकोला सांगितलं की आईलाच घरी यायचंय.

आईने बातमी फोडली नाही. सुमनबाईंनाही कारण न सांगता तिने पिशव्या भरल्या. निघताना सुमनबाई दारात आल्या नाहीत.

गावात माझं नाव झालं. पुढच्या लग्नात त्याच चुलतभावाने हाताला धरून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. आई पुन्हा तिसऱ्या मजल्यावर. गुडघे पुरते आखडले. पत्त्यांचा कॅट उशाशी असायचा. झब्बू एकटीने कसा खेळणार?

नाताळानंतर एका दुपारी सुमनबाई धापा टाकत जिने चढून आल्या, डब्यात करंज्या घेऊन. मी घरीच होतो. बसल्या बसल्या त्यांनी तिकडच्या गोष्टी सांगितल्या — आईच्या घरात आता एक रिटायर कंडक्टर राहतो, आवारात नवे बाक आलेत. आई ऐकत होती. मी पाणी आणायला उठलो. स्वयंपाकघरात आवाज येत होता.

"का गं सोडून आलीस? माझं काही चुकलं का?"

डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "तुजं काय चुकनार, बाई. पोराला करमंना माझ्याबिगर."

पाण्याचा पेला घेऊन मी तिथेच उभा राहिलो.

सुमनबाई गेल्यावर आईने पत्त्यांचा कॅट उचलून कपाटात ठेवला. वसाहतीत दुसरं घर मिळालं असतं, तिला परत नेता आलं असतं. चुकीच्या बातमीचा खुलासा दुसऱ्या दिवशी द्यायची आमच्याकडे रीत आहे. मी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर पेपर उघडला. पहिली बातमी कालव्याला पाणी सुटण्याची, आवर्तनाची होती. मी वाचली. आईने विचारलं, "हे खरं हाय का?"

मी हो म्हणालो. पुढची वाचली.

"आन् हे?"

ती जाईपर्यंत रोज सकाळी, प्रत्येक बातमीनंतर ती हेच विचारत राहिली. आवाजात राग नसायचा. मी हो म्हणायचो आणि पुढची वाचायचो.