ब्रेकरची आठ बोटं

गाडी खाली घ्यायला, म्हणजे तिची उंची कमी करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी मोबाइलमधला फोटो पुढे करतं. फोटोतली गाडी कुठल्यातरी परदेशातल्या गुळगुळीत रस्त्यावर जमिनीला चिकटून उभी असते. "अशीच पाहिजे," म्हणतात. मी फोटोकडे नीट बघतही नाही. विचारतो, "घरी जायचा रस्ता कसा आहे?" काहींना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो. मागच्या महिन्यात एक जण चिडून म्हणाला, "रस्त्याचं मी बघतो, तुम्ही गाडीचं बघा." मी त्याची गाडी हातात घेतली नाही. माझं डोकं तापट आहे हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मी चिडलो नव्हतो.

सोमाटणे फाट्याजवळ माझं वर्कशॉप आहे. सस्पेन्शनचंच काम करतो, तेही बहुतेक हौशी लोकांच्या गाड्यांचं. काम ऐकायला सोपं आहे. शॉकॲब्सॉर्बरच्या नळीला बाहेरून आटे असतात आणि स्प्रिंगच्या खाली एक कडी. कडी पान्याने खाली फिरवत गेलं की गाडी खाली बसत जाते. किती फेरे फिरवायचे, एवढाच खरा प्रश्न. फेरे कमी दिले तर गिऱ्हाईक हिरमुसतं. जास्त दिले तर टायर मडगार्डला घासतं, पाठीचे मणके हलतात आणि पोट रस्त्याला लागतं. माझ्याकडे मापाची सगळी आधुनिक साधनं आहेत. तरी शेवटी मी टायर आणि मडगार्डच्या मधे आडवी बोटं घालून बघतो. ही सवय आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते शेतकरी. भाताचं रोप किती खोल लावायचं, बांध किती उंच घालायचा, सगळं बोटांवर. घरात टेप असला तरी तो खुंटीला.

आमचं घर परंदवडीच्या बाजूला, अगदी रस्त्याला लागून. मी नववीत असताना त्याच रस्त्यावर, घरासमोर, आई गेली. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती रस्ता ओलांडत होती आणि भाजीचा टेम्पो आला. टेम्पोवाला दारू प्यायलेला नव्हता की पळूनही गेला नाही. तिथेच मातीत बसून रडत होता. आबांनी त्याला पाणी दिलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या वयात मला त्या पाण्याचा फार राग आला होता.

तेराव्यानंतर आबांनी गावातले चार जण घेतले, खडी-सिमेंट आणलं आणि घरासमोर ब्रेकर घातला. परवानगी वगैरे कुणी विचारली नाही. उंची आबांनीच ठरवली: एका हाताची चार बोटं आडवी, त्यावर दुसऱ्या हाताची चार. आठ बोटं. कुणीतरी म्हणालं, "लय उंच व्हतंय, आबा." ते म्हणाले, "गिअर बदलाया लागला पायजे. गिअर बदलला म्हंजी मानूस जागा हाय." पुढे दरवर्षी पित्रांच्या पंधरवड्यात, आईच्या तिथीला, आधी ब्रेकरला चुन्याचे पट्टे मारायचे आणि मग छपरावर कावळ्याचं पान ठेवायचं, असा त्यांचा क्रम ठरून गेला. संध्याकाळी ते ओट्यावर बसत. तोंड रस्त्याकडे नसायचं, पण कान तिकडे असायचा. गाड्या हळू व्हायच्या, गिअर पडायचा, चाकं चढून उतरायची. घरात आम्ही या आवाजावरच जेवलो, निजलो, मोठे झालो.

ती स्पोर्ट्स कार मला लोणावळ्यात सापडली. तुंगार्लीच्या एका बंगल्यात जांभळाखाली अनेक पावसाळे खात पडलेली, दोन दारांची, दोन माणसांची, जुनी. मालकाला ती डोळ्यांसमोरून हलवायची होती. तीन वर्षं मी तिच्यावर काम केलं. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. आबा अधूनमधून वर्कशॉपमध्ये यायचे, वाकून आत बघायचे आणि विचारायचे, "हिच्यात बसायचं का निजायचं?" मला हसू यायचं. गाडी चालू झाली त्या दिवशी मात्र त्यांनी बॉनेटवर नारळ फोडू दिला नाही. पोचा पडेल म्हणाले, आणि नारळ बाजूच्या दगडावर फोडला.

मग खाली घेण्याचा प्रश्न आला. पहिल्यांदा मी बारा फेरे दिले. बारा फेऱ्यांना ती आमचा ब्रेकर तिरकी घेतली तर न लागता ओलांडायची. मी खूश होतो. पण रविवारी सकाळी लोणावळ्याला आमच्या गाडीवेड्या मंडळींचा जमाव असतो. चहा, वडापाव आणि एकमेकांच्या गाड्यांची उणीदुणी. तिथे एकाने माझ्या टायर-मडगार्डमधल्या फटीत अख्खी मूठ घालून दाखवली आणि म्हणाला, "शेठ, दुसऱ्यांच्या गाड्या जमिनीला लावता आणि स्वतःची ट्रॅक्टरएवढी?" सगळे हसले. मीही हसलो. परत आल्यावर त्याच दुपारी आणखी दहा फेरे दिले.

बावीस फेऱ्यांना ती फार सुंदर दिसायची, हे आजही कबूल करतो. पण घरासमोर पोट घासायचं. तो खरखराट ऐकून आबा ओट्यावरून मान वर करायचे. दहा फेरे परत वर घेतले असते तर अर्ध्या तासाचं काम होतं. मी घेतले नाहीत.

त्या हिवाळ्यात रस्ता नव्याने डांबरी होणार होता. नेमकं त्याच आठवड्यात आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धुळीत नको म्हणून मीच त्यांना तळेगावला माझ्या बहिणीकडे ठेवलं. रोलर आमच्या दारात आला तेव्हा मुकादमाने मला विचारलं, "ह्यो ब्रेकर ठेवायचा का काडायचा?"

मी म्हणालो, "ठेवा. पण तीन बोटं कमी करा."

एवढंच बोललो. त्याने मशिनने वरचा थर खरवडला, त्यावर डांबर ओढलं आणि पुढे गेला. संध्याकाळी मी गाडी त्यावरून नेली. खरखराट नाही. मी दोनदा पुढे-मागे करून बघितली.

आबा काळा चष्मा लावून परत आले. डॉक्टरांनी वाकू नका असं बजावलेलं. पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "गाड्या गिअर बदलना झाल्यात." मी आत भाकरी भाजत होतो, ऐकलं न ऐकलंसं केलं. बाहेर आलो तर ते रस्त्यात वाकलेले. ब्रेकरच्या कडेला आधी एक हात आडवा ठेवला, त्यावर दुसऱ्या हाताचं एकच बोट मावलं. पाच.

"कुनी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"रस्तावाल्यांनी परस्पर केलं, आबा."

काळ्या चष्म्यामुळे त्यांचे डोळे मला दिसले नाहीत. "बरं," म्हणाले आणि माझ्या खांद्याला धरून घरात आले.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला ते काठी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहायला लागले. गाडी दिसली की हात वर करायचे. खडीचे डंपर त्यांच्या अंगावर धूळ उडवत निघून जायचे. आणि मला म्हणाले, अर्ज करायचा. अर्ज मीच लिहिला. ते सांगत होते, मी लिहीत होतो: 'रस्त्याचे काम करणाऱ्यांनी गतिरोधक परस्पर कमी केला.' तिथे ते थांबले. म्हणाले, "खरं आसंल तेच लिही हां. सरकारी कागद हाय." मी मान वर न करता लिहिलं. अक्षर माझं, सही त्यांची.

अर्ज द्यायला वडगावला, रस्त्याच्या खात्याच्या ऑफिसात जायचं. मी म्हणालो, मोटारसायकलवर जाऊ किंवा रिक्षा करू. ते म्हणाले, "तुज्या गाडीनं जाऊ की." त्यांचे गुडघे दुखायचे. त्या गाडीत बसायचं म्हणजे आधी कुल्ला टाकायचा, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. बसले की गुडघे हनुवटीशी यायचे. तरी त्यांनी दुसरी गाडी काढू दिली नाही. ऑफिसातले साहेब भले होते. त्यांनी कागद काढून दाखवला: तिथे ब्रेकर मुळात नोंदलेलाच नव्हता, त्यामुळे कमी झालेला तरी कसा म्हणणार? नव्याने मागणी करा, म्हणाले. मग ठराव, मग सह्या, मग पुन्हा तारीख. अशा आठ खेपा झाल्या. दर खेपेला आम्ही दोघं शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लागून. गाडी एवढीशी होती की त्यांच्या तपकिरीचा वास येत राहायचा.

एका खेपेला त्यांनी विचारलं, "ही परत आदीसारकी वर येती का रं?"

"येते की. कडी उलटी फिरवायची."

"लय येळ लागतो?"

"अर्धा तास."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. "परत येत आसंल तर त्यात काय न्हाई एवडं." नंतर काच खाली करून बाहेर बघत बसले. मला वाटलं, म्हाताऱ्याला गाडीत गोडी लागलेली दिसते. उलट मनातून सुखावलो.

नवव्या खेपेच्या आधी, पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षात, ते सकाळी उठलेच नाहीत. ओट्यावर काठी तशीच होती.

तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी मी सिमेंट कालवायला घेतलं. मागणीअर्जाचं काय व्हायचं ते होवो, ब्रेकर मी माझ्या हाताने पूर्वीसारखा करणार होतो. समोरच्या घरातल्या मावशी पदर खोचून आल्या आणि न विचारता पाण्याची कळशी ओतू लागल्या. आई गेल्यापासून आमच्या घरावर त्यांचं लक्ष. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुज्या बापाला ठाव व्हतं बरं."

मी थापी खाली ठेवली.

"मुकादम माज्याकडंच च्या प्याला. तूच कमी कराया लावला म्हून त्यानंच सांगितलं. तुजा बाप तळेगावातनं आला त्या सांच्यालाच मी त्याच्या कानावर घातलं."

"मग आबा काय म्हणाले?"

"म्हनला, आक्का, त्याला बोलू नगा. त्यो सांगंल मला. आज न्हाई तर उद्या सांगंल." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "मी म्हनलं, मग त्या हापिसात कशाला हेलपाटं मारताय? तर म्हनला, गाडीत दोगंच आसतो. तितं सांगाया सोपं जाईल त्येला."

मी रस्त्यातच खाली बसलो. मावशींनी हाताला धरून उठवायचा प्रयत्न केला, मग तो सोडून माझ्या शेजारी बसल्या. गाड्या आम्हाला वळसा घालून जात होत्या. आठ खेपा. जाताना आणि येताना धरून सोळा वेळा तो माणूस दुखरे गुडघे हनुवटीला लावून माझ्या शेजारी बसला होता, आणि मी त्याला रेडिओवरच्या बातम्या ऐकवत होतो.

ब्रेकर त्याच दिवशी पुरा केला. उंची बघताना एक चूक होता होता राहिली. मी माझी आठ बोटं ठेवली आणि मावशी म्हणाल्या, कमी दिसतंय. माझी बोटं आबांच्या बोटांपेक्षा बारीक आहेत, आबांनी चाळीस वर्षं नांगर धरला होता. माझी नऊ भरली तेव्हा कुठे त्यांची आठ झाली. चुना मारला. मग वर्कशॉपमध्ये जाऊन गाडीची कडी उलटी फिरवली. दहा फेऱ्यांवर थांबलो नाही, बावीसच्या बावीस परत घेतले. अर्धा तासही लागला नाही.

आता ती त्या जमावातली सगळ्यात उंच गाडी आहे. रविवारी मी कधी गेलोच तर कुणीतरी फटीत मूठ घालतंच. मी घालू देतो.

घरी येताना ब्रेकरपाशी पहिला गिअर टाकावाच लागतो. गाडी तिथे माणसाच्या चालीवर येते. तेवढ्यात मी शेजारच्या सीटकडे बघतो आणि मोठ्याने म्हणतो, "आबा, मी सांगितलं होतं कमी करायला." मग चाकं चढतात, उतरतात, आणि घर येतं.