तातूच्या बिळातली धूळ

"आत काय आहे, बघू तर." वाल्देनोर सारखा हेच म्हणायचा. मधाचं पोळं असो, बंद पडलेला रेडिओ असो, आधी त्याचं डोकं आत. तातूच्या बिळाचंही तेच. आमच्या पियाउई प्रांतातल्या माळावर तातू या चिलखती जनावराचं मटण सगळे आवडीनं खातात. शिकारीला बंदी आहे, म्हणून बोलत मात्र कुणी नाही.

त्या कोरड्या ऑगस्टात त्यानं आणि त्याचे दाजी क्लोदोआल्दो यांनी एक खोल बीळ खणलं. माती पिठासारखी उडत होती. दोघांनी आळीपाळीनं डोकं घातलं, त्यांच्या शिकारी कुत्रीनंही. पुढं कुत्री खोकायला लागली, मग दाजी. वाल्देनोर ठणठणीत.

शहरातल्या इस्पितळात दाजींना क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप हटेना, माणूस वाळत चालला. डॉक्टरीणबाई विचारायच्या, "मातीत कुठं काम केलंत?" दाजी म्हणायचे, "छे, घरीच होतो." त्यांची बायको इरासी, वाल्देनोरची थोरली बहीण, तीही मान डोलवायची.

"तोंड उघडलंस तर दोघंही तुरुंगात जाल," तिनं वाल्देनोरला दटावलं.

"आणि गप्प बसलो तर अक्का, दाजी कुठं जातील?"

तो थेट डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसला. शेजारी म्हणून मी सोबत होतो. त्यानं बीळ, धूळ, कुत्री, सगळं सांगून टाकलं.

"शिकारीचं मला काय करायचंय?" बाई म्हणाल्या. "ही मातीतली बुरशी असणार. आजच तपासते. तिचं औषध वेगळं."

वाल्देनोर उठेचना. "धूळ मीही खाल्ली, बाई. मग मला का नाही?"

बाईंना हसू आलं. "छातीत पहारेकरी पेशी असतात. बुरशीच्या सालीवर एक प्रकारची साखर असते, ती त्यांना जन्मापासूनच ओळखता येते. ओळखली की गिळायला धावतात, बाकीच्यांना हाका मारतात."

"आमच्या कुत्र्यांसारखंच. एकीला वास लागला की सगळी भुंकत येतात."

"तसंच. पण ही बुरशी आत गेली की फुगते. मग एकट्या पेशीच्या तोंडात मावत नाही. फुटली की तिची पोरं चहूकडे. तुझ्या पहारेकऱ्यांनी ती लहान असतानाच गाठली असावी."

"असावी?"

"नक्की मलाही माहीत नाही. पुढच्या बिळातही तसंच होईल, असं समजू नकोस."

तो आपल्या छातीवर हात ठेवून कितीतरी वेळ बसला होता, जणू आतली हालचाल हाताला लागते का बघत होता.

तपासणीत बुरशीच निघाली. नव्या औषधानं दाजींचा ताप हळूहळू उतरला. एके दिवशी त्यांनी स्वतःहून कसावाच्या कंदाची पेज मागितली, तेव्हा इरासी भिंतीकडे तोंड करून रडली.

"गावात अजून कोण खोकतंय?" बाईंनी वाल्देनोरला विचारलं.

"नावं नाही सांगणार. माणसंच घेऊन येतो."

"ते तुला दगड मारतील रे," इरासी म्हणाली.

"मारू देत की."

टोपी डोक्यावर दाबून तो इस्पितळाच्या फाटकाबाहेर पडला आणि गावाकडच्या तांबड्या रस्त्यानं शिकाऱ्यांच्या वस्तीकडे चालू लागला. खिडकीत इरासी होती, तिच्यामागे मी. पलंगावरून मान उंचावून दाजीही बघत होते.