रेडिएटरातलं तापीचं पाणी

बॉनेट उघडलं की जिभाऊ रेडिएटरच्या झाकणावर बोटानं टकटक करायचा आणि विचारायचा, "शे का कोणी घरमा?" मग कान लावायचा. इंजिन गरम असलं तर लगेच मागे सरायचा. "बाई रागमा शे. चहा ठेवा, वहिनी." गाडी थंड होईस्तोवर आमच्या घरचा चहा संपायचा. कधी कधी तर गाडी सकाळपासून थंडच असायची, तरी बाई रागातच.

जिभाऊ कळसाडीतला आमचा शेजारी. सारी हयात त्यानं शहादा-धडगाव घाटात काळीपिवळी जीप हाकली. म्हातारपणी जीप विकली, पण हात शांत बसेनात. मग माझ्या मुलानं टाकून दिलेली जुनी कार त्याच्या तावडीत सापडली. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला काम सांगावं लागत नाही, त्याला हाकलावं लागतं.

आमच्याकडे शेवटच्या घोटासाठी घरात तापीचं पाणी ठेवतात. माझ्या बायकोनं तापीकाठच्या प्रकाशाला जाऊन स्वतःच्या हातानं एक छोटा पांढरा कॅन भरला आणि देवघराखाली ठेवला. पण ती गेली नंदुरबारला, दवाखान्यात. कॅन घरीच राहिला. तिच्या तोंडात एक थेंब पडला नाही. म्हटलं, आता हे माझ्यासाठी. तिनं भरलेलं पाणी माझ्या तोंडात पडावं. दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

त्यात गाडी तापायला लागली. जिभाऊ म्हणाला, "कूलंट सडी गयं, बापू. मेकॅनिककडे कसाले? आंगणमाच करी टाकू."

सकाळी थंड गाडीखाली तो आडवा झाला. रेडिएटरचा खालचा बोल्ट सोडला तसं घमेल्यात तांबडं, गढूळ पाणी आलं. समोरची बकरी वास घेत आली. जिभाऊ पडल्या पडल्या ओरडला, "हाकल तिले! गोड लागस, पण जीव लेस." मी घमेल्यावर पाटी झाकली आणि बकरीच्या मागे लागलो. ती कसली ऐकते. पार गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन सोडावी लागली.

इकडे त्यानं आतलं सगळं धुऊन काढलं, बोल्ट आवळला, नवं पोपटी कूलंट ओतलं. त्यात मिसळायला बॅटरीचं शुद्ध पाणी मी ओसरीवर काढून ठेवलं होतं, तेही पांढऱ्याच कॅनमध्ये. पण आमच्या घरात वस्तू विचारून घ्यायची जिभाऊला सवय नव्हती. मी परत आलो तेव्हा झाकण उघडं ठेवून इंजिन चालू होतं, आतली हवा बुडबुड करत बाहेर येत होती, आणि त्याच्या हातात माझ्या बायकोचा, देवघराखालचा कॅन होता. शेवटचा थेंबसुद्धा त्यानं झटकून आत घातला.

मी जे बोललो ते सगळं इथे लिहिता येत नाही.

"काढ ते पाणी!"

"आते कूलंटमा मिसळी गयं, बापू. पिशी ते मरशी."

"मरतानाच पेवानं व्हतं रे, गाढवा!"

त्यानं कॅनकडे पाहिलं. त्याला कळलं, तोंड उतरलं. पण गप्प बसेल तर जिभाऊ कसला? "तू काय इतलामा मरस नई," तो म्हणाला. "गाडी मरी ऱ्हायनी व्हती."

मी बोलणं टाकलं. तो रोज ओट्यावर येऊन बसायचा. चहा मागायचा. मी दिला नाही तर आत जाऊन स्वतः करायचा, आणि माझ्यासाठीही आणायचा. साखर नुसती कोंबलेली. एक दिवस कपात बघत म्हणाला, "वहिनी जल्मभर लाजत गाडीमा मांगे बठनी. मी म्हणू, पुढे बठा, पुढे बठा. आते देख, रेडिएटरमा, तुन्हा बी पुढे बठेल शे."

ती गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. मग रडलोही. त्यानं दोन्ही पाहिलं आणि माझाही चहा पिऊन टाकला.

या उन्हाळ्यात जिभाऊनं खाट धरली. एका दुपारी त्याची सून धावत आली. "बापू, तापीनं पाणी शे का? दादासनं काही खरं नई." ते पाणी आमच्याकडे असतं हे साऱ्या गल्लीला ठाऊक. मी अंगणातल्या गाडीकडे बोट दाखवलं.

मग किल्ली घेतली. भर उन्हात प्रकाशाला गेलो, कॅन भरला आणि तसाच माघारी फिरलो. गाडी तापली नाही. काटा जागचा हलला नाही.

खाटेभोवती सगळे उभे होते. मी चमचा त्याच्या तोंडाशी नेला, तर त्यानं ओठ घट्ट मिटले. एक डोळा किलकिला केला.

"कूलंट ते नई ना, बापू?"

"पी रे, गाढवा."

प्यायला. सुनेनं पदर तोंडात कोंबला. ती हसत होती की रडत होती, कोण जाणे. मी दुसरा चमचा भरला. तो भरलेलाच माझ्या हातात राहिला.