रस्त्याला झुकवायचं

निजामाच्या अमलात मी तामीरात खात्यात, म्हणजे सरकारी रस्ते बांधणाऱ्या खात्यात, मुकादम होतो. खडी पसरायची, मुरूम दाबायचा, यापलीकडे रस्त्यात शिकण्यासारखं काही असतं असं मला वाटत नव्हतं. आम्हा आठ मुकादमांना बीडला महिनाभर तालीम आहे असा हुकूम आला, तेव्हा मला हसूच आलं.

शिकवायला हैदराबादहून एक वयस्क ओव्हरसियर आले होते. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला चौसाळ्याच्या वाटेवरच्या उतारावर नेलं. तिथल्या वळणावर गाड्या उलटायच्या. माझ्या थोरल्या भावाची गाडी तिथंच उलटून त्याचा पाय गेला होता. आपल्या हातून कासरा सैल सुटला, असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता.

"गाड्या क्यूं उलटते?" साहेबांनी विचारलं.

"बैल बुजत्यात साहेब. न्हाईतर गाडीवान पेंगतो," मी म्हणालो.

त्यांनी आम्हाला चढावर उभं केलं. "दौडो! खालपर्यंत."

आम्ही आठ बाप्ये धोतरं खोचून पळालो. शेतातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"वळताना अंग किधर झुका?"

कुणालाच सांगता येईना. पुन्हा पळालो, तेव्हा कळलं. कुणी न शिकवता आम्ही सगळे वळणाच्या आतल्या बाजूला कलत होतो.

"गाडीला झुकता येत नाही," ते सावकाश म्हणाले. "तो फिर रास्ते को झुकाना."

पाणी वाहून जावं म्हणून आम्हीच तो रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता ठेवला होता; वळणावर गाड्या बाहेर कलंडायच्या त्या त्यामुळंच.

मग आम्ही बाहेरची कड वीतभर उचलली, समोरचं दिसावं म्हणून आतल्या बाभळी तोडल्या. काम संपलं त्या दुपारी कापसानं भरलेली एक गाडी उतारावरून वेगात आली. आम्ही कडेला सरलो. गाडी वळणावर जराशी आत कलली आणि सरळ खाली निघून गेली. गाडीवान गाणं म्हणत होता. त्याला काही कळलंसुद्धा नाही.

घरी जाऊन मी भावाला सगळं सांगितलं.

"म्हंजी माजी चूक न्हवती?"

"न्हाई दादा. रस्त्याची हुती. आमची हुती."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, मला तिथं घेऊन चल. वळणावर पोचल्यावर त्यानं काठी बाजूला ठेवली, कसाबसा खाली बसला आणि उचललेल्या कडेवरून तळहात फिरवत राहिला.

"कुणाला पयल्यांदा सुचलं असंल रे हे!" तो म्हणाला.