नामदेवच्या आईचा चिनी बिल्ला

कचेरी फुटायची वेळ आली की काम थांबतं आणि किस्से साचतात. राज्यांची फेररचना चालली होती आणि आमच्या हैदराबादच्या शाखेतली अर्धी मराठी माणसं मुंबई राज्याकडे जाणार होती. त्यात नामदेव वाघमारेही होता, पण त्याची फिकीर वेगळीच.

त्याचे वडील फौजेतून ब्रह्मदेशात गेले ते परतलेच नाहीत. एका सोबत्याने फक्त चौकोनी भोकाचा पितळी चिनी बिल्ला आणून दिला, वहिनींसाठी घेतला होता म्हणून. आईने तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. चुलते मात्र चारचौघांत म्हणत, जुगाराच्या अड्ड्यावरचा आहे तो. नामदेवने ठरवलं, हैदराबाद सोडायच्या आत छडा लावायचाच! आईला कसंबसं पटवून तो मलकपेठेतल्या घरून बिल्ला रुमालात बांधून कचेरीत आणू लागला.

*

हेडक्लार्क जोशीबुवा पत्रिका बघायचे. बिल्ल्यावरची लांबडी नक्षी नाग, पक्षी म्हणजे गरुड, दोघांचं हाडवैर, घरात ठेवू नकोस, असं त्यांनी सांगून टाकलं. शेजारच्या टेबलावरच्या मोईनभाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"गरुड कायका बुवा? मुर्गी है ये!"

बुवा त्या दिवशी वेगळे जेवले.

*

मग बिल्ला चिंचेने घासला. मागे चार अक्षरं निघाली आणि सगळे खूश. मोईनभाई उजवीकडून सुरू झाले, जोशीबुवा डावीकडून. भांडण चांगलंच रंगलं. वाचता दोघांनाही येत नव्हतं.

*

आबिद रोडवर एक चिनी दातांचा डॉक्टर होता, पण पेशंटशिवाय कुणाला आत सोडत नसत. नामदेव मला घेऊन गेला, दाढ दुखते म्हणाला आणि खुर्चीत आ करून बसला. दाढ ठणठणीत! मग त्याने बिल्ला काढला. डॉक्टर जन्माने कलकत्त्याचा, त्याला चिनी वाचता येईना. त्याने वरच्या मजल्यावरून आईला बोलावलं. म्हातारी सांगत गेली, डॉक्टर हिंदीत समजावत गेला. अक्षरं दीर्घायुष्याची आणि भरभराटीची. लांबडा तो नाग नव्हे, चिनी ड्रॅगन, म्हणजे नवरा; पक्षी म्हणजे नवरी. लग्नात असले बिल्ले नवरा-नवरीच्या बिछान्यावर उधळतात.

*

आम्ही तडक सायकली दामटत मलकपेठेत. चुलते दारातच बसलेले. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नामदेवने आईला सगळं सांगितलं, बिछान्याचंसुद्धा. चुलते निघायला चप्पल शोधू लागले.

आईने बिल्ला घेतला, पक्ष्यावरून अंगठा फिरवला आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय.

"आन् हे तू समद्या हापिसात दाखवीत हिंडलास व्हय?"

मग भर दुपारी तिने वळकटी सोडली, अंथरूण घातलं आणि बिल्ला मुठीत धरून, आम्हाला बाहेर काढून दार लावून घेतलं.