अर्नाळ्याच्या बंदरावरची लिंगाला

माननीय हरेश्वरतात्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. बाकीचे तात्या एका मच्छीमार बोटीच्या इंजिनाखाली होते आणि आतून "मलेंबे, मलेंबे" असा आवाज येत होता. मी साताऱ्याकडचा, तुळिंजला नुकताच राहायला आलेला. हातात डिप्लोमा आणि डोक्यात त्याची हवा. ही अर्नाळ्याची बोली असणार, असे मी धरून चाललो. पुढे कळले की अर्नाळ्याचे लोक तिला इंजिनाची इंग्रजी समजत होते. ती होती लिंगाला, काँगो नदीकाठची भाषा. मलेंबे म्हणजे सावकाश.

तात्यांनी तरुणपणीची चौदा वर्षे त्या नदीवरच्या बोटी दुरुस्त केल्या. काम आणि भाषा दोन्ही त्यांना शिकवली ती त्यांचे वस्ताद पापा लोक्वा यांनी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे लुटालूट सुरू झाली, तेव्हा पापांनी तात्यांना नऊ दिवस आपल्या घरात लपवले आणि शेवटी नदीपार पोहोचवले. तात्या सुखरूप घरी आले; पापांचे काय झाले ते मात्र कळेना. पत्रे परत येत राहिली. वस्ताद कधी भेटलेच तर बोलताना अडखळायला नको, म्हणून तात्या वर्कशॉपमध्ये सगळे हुकूम लिंगालात सोडत, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे आम्ही ते मुकाट पाळत असू.

तिकडची आणखी एक रीत त्यांनी जपली. गिऱ्हाईक आले की आधी "सांगो नीनी?", म्हणजे काय खबर? एका बोटमालकाचे इंजिन मी तीनदा खोलले आणि तिन्ही वेळा ते पुन्हा बंद पडले. तात्यांनी मला बाजूला घेतले. "आधी मानसाची खबर घे, मंग इंजिनाची." मग त्यांनी मालकाला बसवून चहा दिला. मालकाची पत्नी इस्पितळात होती. घोर लागलेला माणूस तेल बघायचेच विसरत होता. पुढचे आठ दिवस तात्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, हातचा डबा इस्पितळात गेला. इंजिन पुन्हा कुरकुरले नाही.

पुढे तात्यांच्याच आशीर्वादाने मी गोखिवऱ्यात स्वतःचे वर्कशॉप काढले. तिथे एका दुपारी काँगोहून आलेल्या एक व्यापारी बाई पंपाचे सुटे भाग शोधत आल्या, उन्हाने आणि दलालाने बेजार झालेल्या. मला येत होते तेवढ्यात मी नमस्कार करून खबर विचारली: "म्बोते. सांगो नीनी?" त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसून त्या पोटभर हसल्या. मी दुकान बंद केले आणि त्यांना रिक्षाने थेट अर्नाळ्याला नेले.

बारा-तेरा वर्षे नुसते हुकूम सोडलेले तात्या त्या दिवशी बाईंसमोर बसण्याआधी दोनदा हात धुऊन आले. मग जे सुरू झाले ते संध्याकाळपर्यंत. वहिनींनी तीनदा चहा टाकला. बाईंना पापा माहीत नव्हते, पण त्यांनी नाव आणि तात्यांचा फोन नंबर लिहून घेतला. नदीवर बोटीबोटीने विचारत जाईन, म्हणाल्या.

तीन महिन्यांनी फोन आला. मी त्या वेळी तिथे होतो, हे माझे भाग्य. तात्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि ते उभे राहिले. "नाझाली, पापा," ते म्हणाले. "नाझाली." डोळे पुसत आमच्याकडे वळून त्यांनी सांगितले, "पापा इचारतात, हाईस ना? म्हटलं, हाय." त्या दिवशी बंदरावरच्या प्रत्येक बोटीवर पेढे गेले.

तात्यांना आज साठ वर्षे पूर्ण होत आहेत. ऐंशी ओलांडलेले पापा अजून दर महिन्याला फोनवर त्यांची कानउघाडणी करतात, म्हणजे वस्तादांच्या लेखी आमचे तात्या पोरच आहेत. तात्या, पुढची वर्षे निरोगी जावोत, आणि मलेंबे, मलेंबे जावोत. दरवर्षी याच दिवशी आम्ही सारे शिष्य अर्नाळ्याला येऊन विचारू, हायसा ना? आपण आतून फक्त एवढेच ऐकवत राहा: नाझाली.